नवीन काय आलंय?

[दृश्य : चौक, सकाळ. शटर वर जातं.]

पुण्यातला अप्पा बळवंत चौक. पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांचा वाडा इथे होता, म्हणून हे नाव. आता ‘एबीसी’ म्हटलं की आठवतात ती गाइडं, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे आणि जूनमधली पालकांची झुंबड. त्याच्याच एका गल्लीत हे दुकान आहे, कथा-कादंबऱ्या, कविता आणि चरित्रांचं. आत दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली, तर एकाने पायरीवर यायचं. आमचा कॅमेराही बराच वेळ पायरीवरच होता.

[दृश्य : टेम्पोतून गठ्ठे उतरतात. सुतळीची गाठ, बोटं.]

सुतळी कापायची नाही, सोडवायची. संध्याकाळी बाहेरगावच्या पार्सलला तीच लागते. प्रती मोजायच्या, चलनाशी ताडायच्या, कोपरा दुमडलेली प्रत बाजूला काढायची. मग बिलिंगच्या संगणकावर नोंद. पण नोंदीआधी दुकानदार पुस्तक मधूनच कुठेतरी उघडतात आणि उभ्याउभ्या एक पान वाचतात. मलपृष्ठावर त्यांचा भरवसा नाही. ते प्रकाशक लिहितो, एकशेबारावं पान मात्र लेखकालाच लिहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

[दृश्य : दाराजवळचं टेबल. पुस्तकांची अदलाबदल.]

आता टेबल. इथे पुस्तक आडवं, मुखपृष्ठ वर करून ठेवतात. मागच्या फळीवर गेलं की फक्त कणा दिसतो, आणि कणा वाचायला मान वाकडी करणारा वाचक दिवसाला एखादाच. त्यामुळे टेबलावर काय राहणार आणि फळीवर काय जाणार, हाच इथला खरा निर्णय. अनुवादित ‘यशस्वी व्हा’ पुस्तकं खपतात. ती कोपऱ्यात ठेवली तरी लोक शोधून काढतात. म्हणून दर्शनी जागा पहिल्या कथासंग्रहाला. धंद्याच्या हिशोबाने हा शुद्ध वेडेपणा आहे. पण एके काळी मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती हजार-अकराशेची निघायची, आता कित्येकदा तीनशे-पाचशेची. एवढ्याशा प्रतींतली एक कुणाच्या हाती पडायची, तर ती आधी दिसायला हवी. संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. ज्याचं नावच ऐकलेलं नाही, ते कसं शोधणार?

[दृश्य : काउंटर. एक बाई, खांद्याला लॅपटॉपची बॅग.]

“काका, आईसाठी काहीतरी द्या ना. फार रडवणारं नको.”

“आधीचं कुठलं आवडलं होतं त्यांना? आणि ताई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का?”

प्रश्न आगाऊ वाटेल, पण त्यावर टाइप ठरतो. बारीक अक्षरातली जाड कादंबरी मागे जाते, मोकळ्या ओळींचं आत्मचरित्र पुढे येतं. आईचं नाव, फोन नंबर आणि ‘मोठा टाइप’ हा शेरा मागणीच्या वहीत, पेन्सिलने. या वहीत न मिळालेल्या पुस्तकांची नावं आहेत, तशी माणसांचीही. कुणाला फक्त गड-किल्ले, कुणाला रहस्यकथा चालतील पण जुन्याच.

[दृश्य : दिवाळी अंकांचे ढीग.]

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही रीत. दिवाळीआधीच्या आठवड्यांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वाचनालयांचे संच बांधायचे, एखादा अंक छापखान्यातच अडकलेला, त्याची चौकशी दर तासाला. दोन घरं मिळून संच घेतात आणि अंक आपसांत फिरवतात. दुकानदारांना हे ठाऊक आहे, आणि वाटणीची यादीसुद्धा तेच करून देतात!

[दृश्य : बिलबुक, कॅल्क्युलेटर.]

हिशोब थोडक्यात. प्रकाशकाकडून सुटणारं कमिशन तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास, त्यातलं दहा टक्के गिऱ्हाईक हक्काने मागतं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे पॅकिंगच्या सामानावर भरलेला कर वजा करून घ्यायलाही जागा नाही. डिसेंबर 2024 मध्ये नोंदणीकृत बुकपोस्ट, म्हणजे टपाल खात्याची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा, बंद झालं, तेव्हापासून बाहेरगावचं पार्सल महागलंय. शेजारच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

[दृश्य : पुन्हा टेबल. पुस्तकं चाळणारे कॉलेजचे दोघे.]

हे दोघे तासभर चाळतात आणि काही न घेता जातात. दुकानदार हटकत नाहीत. दिवाळी झाली की उरलेले अंक निम्म्या किमतीत निघतील; तेव्हा या, असं मात्र पाठमोऱ्या पोरांना ओरडून सांगतात.