बर्फ किती, त्याआधी कशावर

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या मुलांचे गुलमर्गला फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला, 'बर्फ किती पडलाय?' गोंडोलाच्या (केबल कारच्या) पिस्टवरच, म्हणजे तयार केलेल्या स्कीच्या वाटेवरच, स्की करणार असाल तर एवढं विचारणं पुरेसं आहे. पण गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर गोंडोलाच्या वरच्या स्टेशनला उतरून हद्दीच्या दोरीपलीकडे, बॅककंट्रीत, म्हणजे मोकळ्या डोंगरउतारांवर जायचं असेल, तर त्याआधी विचारायला हवं की हा बर्फ कशावर पडलाय. आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

अफरवटवर अलीकडे हिमस्खलनात गेलेले बळी आठवा. 1 फेब्रुवारी 2023 ला पोलंडचे दोन स्कीअर गेले, 22 फेब्रुवारी 2024 ला एक रशियन स्कीअर गेला. दोन्ही वेळा महिना फेब्रुवारी, म्हणून अनेकांना वाटतं की धोका भर मोसमात असतो आणि डिसेंबरातला गुडघाभर बर्फ निरुपद्रवी असतो. हा समज मला फार घातक वाटतो. का, ते सांगतो.

बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास असते. समजा, आकाश निरभ्र आहे, बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान उणे 12 आहे आणि थर आहे फक्त 40 सेंटीमीटरचा. म्हणजे दर 10 सेंटीमीटरला 3 अंशांचा फरक. हा फरक 1 अंशाच्या वर गेला की थराच्या आतली वाफ झपाट्याने वर सरकते, आणि मूळचे गुंतलेले कण जाऊन तिथे टोकदार, सुटे स्फटिक तयार होतात. हाच शुगर स्नो. जमिनीलगत वाढून मोठा झाला की डेप्थ होर. मुठीत घेऊन दाबा, गोळा होत नाही, बोटांच्या फटीतून गळून जातो. तीच थंडी 2 मीटर जाडीच्या थरावर असेल तर फरक दर 10 सेंटीमीटरला जेमतेम 0.6 अंश. म्हणजे पातळ थर आतून कमकुवत होत जातो, जाड थराला सावरायला वाव मिळतो. सावलीतल्या उत्तर उतारांवर तर पहिला बर्फ आठवडेच्या आठवडे असा सडत पडलेला असतो.

मग पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, येतो, दोन दिवसांत मीटरभर बर्फ टाकतो आणि वारा तो कड्याच्या आडोशाला दाबून बसवतो. वर सलग घट्ट पाटी, खाली सुटे दाणे. ज्वारीच्या दाण्यांवर फरशी ठेवून ती तिरकी करावी, तसा प्रकार. बर्फातून दगड आणि झुडपं डोकावत असतात तोवर ती या पाटीला थोडंफार धरून ठेवतात. ती झाकली गेली की उतार देखणा दिसतो आणि धोका वाढतो. खडकाजवळ पाटी पातळ असते, त्यामुळे स्कीअरचं वजन थेट कमकुवत थरापर्यंत पोचतं. आणि सुरुवातीच्या मोसमात लहानसं हिमस्खलनसुद्धा माणसाला उघड्या दगडांवरून ओढत नेतं.

हा कमकुवत थर आहे की नाही, ते बघायला बर्फात खड्डा खणायचा. ज्या उतारावरून उतरायचंय त्याच दिशेचा, त्याच उंचीचा, पण ज्याच्या डोक्यावर मोठा उतार नाही असा छोटा तुकडा निवडा. आधी प्रोबने, म्हणजे बर्फात खुपसायच्या लांब काठीने, खोली बघा. मोसमाच्या सुरुवातीला जमिनीपर्यंत खणायचंच. अर्ध्यावर थांबलात तर नेमका तळचा थर बघायचा राहतो. भिंत फावड्याने गुळगुळीत करा आणि वरून खाली हात लावत या. मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी यांपैकी काय कुठे आत जातं ते बघा. वर पेन्सिल लागत होती आणि खाली एकदम मूठ घुसली, तर तिथे थांबा. तोच तुमचा थर.

मग एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट. उताराला आडवा 90 सेंटीमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने 30 सेंटीमीटर असा खांब चारी बाजूंनी सुटा करायचा, एका टोकावर फावडं आडवं ठेवायचं आणि हाताने ठोके द्यायचे: मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10. भेग पडली की नजर तिच्यावर ठेवा. ती ठोक्याखालीच थांबली की त्याच किंवा पुढच्याच ठोक्याला दुसऱ्या टोकापर्यंत धावली? धावली, तर त्या दिवशी तो उतार सोडायचा. हट्ट नको.

पण भेग धावली नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. पन्नास पावलांवर थर वेगळा असू शकतो. शिवाय कमकुवत थर मीटरभराहून खोल गेला की ठोक्यांचा जोर तिथवर नीट पोचत नाही. त्यामुळे खड्डा 'नाही' म्हणायला भक्कम कारण देतो, 'हो' म्हणायला देत नाही. पायाखाली 'धप्प' आवाज होऊन बर्फ खचला किंवा स्कीपुढे भेगा पळाल्या, तर खड्ड्यात काहीही दिसलेलं असो, परत फिरा. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन सकाळी वाचाच, स्थानिक स्की पेट्रोलला विचारा, पण आपल्या उताराचं कोन-मापन स्वतः करा. पाटी सुटते ती बहुतेक 30 ते 45 अंशांवर. त्याहून सौम्य उतारावर, वरून काही कोसळण्याची शक्यता नाही अशा जागी, डिसेंबरातही मनसोक्त स्की करता येतं. कोंगडोरी या गोंडोलाच्या मधल्या स्टेशनखालच्या झाडीत तशा जागा आहेत. आणि चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीचे, 40 दिवस सरल्यावर वरच्या उतारांवर जाल तेव्हा पुन्हा तळापर्यंत खणा. डिसेंबरातला तो थर तोवर गाडला गेलेला असतो, पण बऱ्याचदा सांधलेला नसतो.