टेरी प्रॅचेट यांच्या चेटकिणी

नमस्कार श्रोतेहो. विनोदी गोष्टीत बाईच्या वाट्याला काय येतं, ते आपल्याला पाठ आहे. कजाग बायको, खाष्ट सासू, नाहीतर नटवी पोरगी. म्हणूनच आज इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या चेटकिणींबद्दल बोलायचं आहे.

१९८३ ते २०१५ या काळात त्यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेच्या ४१ कादंबऱ्या आल्या. कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर थाळीसारखं सपाट जग, असा सगळा मामला. पुरुषानं केलेली जादू ती थोर विद्या आणि बाईनं केलेली ती हलकी, हा अद्भुतकथांचा जुना रिवाज त्यांनी १९८५ च्या एका भाषणात बोलून दाखवला होता. त्यांच्या चेटकिणी मुळी मंत्र फारसे म्हणतच नाहीत. बाळंतपणं करतात, म्हाताऱ्यांची नखं कापतात, प्रेताजवळ रात्र जागून काढतात.

त्यांतली थोरली ग्रॅनी वेदरवॅक्स. हट्टी, फटकळ, मानी. ‘कार्पे जुगुलम’ या कादंबरीच्या सुरुवातीला तिला रात्री एका अडलेल्या बाईकडे बोलावतात. गाईची लाथ बसलेली. आई आणि बाळ, दोघांपैकी एकच वाचणार. सुईण म्हणते, नवऱ्याला विचारायला नको का? ग्रॅनीचं म्हणणं असं, की त्या माणसानं माझं काय वाकडं केलंय, म्हणून मी त्याला एवढी यातना द्यावी? निवड ती स्वतः करते आणि तिचं ओझंही एकटीच वाहते. तिच्या हेक्यांना आपण आधीच्या पुस्तकांतून पोटभर हसलेलो असतो, म्हणून हे पान जास्तच आत लागतं.

माझी सर्वांत लाडकी मात्र टिफनी एकिंग, मेंढपाळाची नऊ वर्षांची मुलगी. नदीतल्या राक्षसिणीचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात, असं तिनं पुस्तकात वाचलेलं असतं. ती घरातली बशी मोजते: आठ इंच! मग धाकट्या भावाला गोळ्यांची पिशवी देऊन नदीकाठी आमिष म्हणून बसवते आणि स्वतः फ्राइंग पॅन घेऊन झुडपामागे दबा धरते. प्रसंग धमाल आहे, पण हसू तिच्यावर उलटत नाही. ऐकीव गोष्ट मोजून बघणं, हेच तर तिचं बळ.

तिला चेटकीण का व्हायचं असतं? गावात एक एकटी म्हातारी होती. दात नसलेली, स्वतःशी बोलणारी. लोकांनी तिला चेटकीण ठरवून घराबाहेर काढलं, घर जाळलं, आणि ती थंडीत मेली. असं पुन्हा कुणाचं होऊ नये, म्हणून टिफनीला चेटकिणीची टोकदार टोपी हवी असते. हे वाचताना मला आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवतो. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं भासवणं हा गुन्हा आहे, हे आपल्याकडेही कायद्यात लिहावं लागलंच ना?

टिफनीची पहिली कादंबरी ‘द वी फ्री मेन’, २००३ ची. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. घरात दहा-बारा वर्षांचं कुणी असेल, तर त्याच्यासोबत मोठ्यानं वाचा. त्यातल्या निळ्या कातडीच्या, वीतभर उंचीच्या भांडखोर माणसांचे संवाद मोठ्यानं वाचण्यातच खरी मजा आहे.