फाटकापासून बाकापर्यंत

या माहितीपटात आपल्याला एकाही सभासदाचा चेहरा दिसणार नाही. पुण्यातल्या एका शाळेचा हा वर्ग आहे आणि थोड्याच वेळात येथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे सगळे जिला नुसते ‘ए.ए.’ म्हणतात त्या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची, मीटिंग सुरू होईल. वृत्तपत्रे, रेडिओ आणि चित्रपट यांतून सभासदाने आपली ओळख उघड करू नये, असे तिच्या बारा परंपरांपैकी अकरावी परंपरा सांगते, म्हणून माणसे येण्यापूर्वीच आम्ही चित्रीकरण उरकले आहे. फळ्याच्या कोपऱ्यात दुपारची नोंद अजून पुसलेली नाही : पट 42, हजर 37. बाक तिसरी-चौथीतल्या मुलांच्या मापाचे असल्यामुळे पन्नाशीच्या गृहस्थाला गुडघे बाजूला वळवून जरा तिरकेच बसावे लागते.

मीटिंगचा पत्ता मिळवणे फारसे अवघड नाही. ए.ए.च्या संकेतस्थळावर आणि हेल्पलाइनवर गटांची ठिकाणे व वेळा कळतात, व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक वाट दाखवतात, आणि कुठून सुरुवात करावी हेच उमगत नसेल तर केंद्र सरकारची 14446 ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. निघण्यापूर्वी एक फोन मात्र जरूर करावा, कारण मागून घेतलेल्या खोलीत भरणाऱ्या गटाची जागा परीक्षांच्या किंवा सुट्ट्यांच्या दिवसांत बदलू शकते. ‘ओपन’ मीटिंगला कोणीही बसू शकतो. ‘क्लोज्ड’ मीटिंग दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरती असते.

खरी अडचण फाटकापाशी येते. ज्या माणसाला भर रस्त्यावरच्या परमिट रूममध्ये शिरताना कधी संकोच वाटला नाही, त्याला शाळेच्या फाटकातून आत जाताना कोणी पाहील या धास्तीने घाम फुटतो, आणि आपल्या पेठांमध्ये तर कोणी ना कोणी पाहतेच. मग तो स्कूटरवरून दोन चकरा मारतो, समोरच्या टपरीवर उगाचच चहा घेतो आणि घरी परततो; असे दोन-तीन आठवडे जातात. जुन्या सभासदांना हे ठाऊक असते, कारण त्यांनीही त्याच टपरीवर चहा घेतलेला असतो. आत ओळखीचे कोणी भेटलेच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि येथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही हा संकेत दोघांनाही सारखाच लागू असतो.

मीटिंगमध्ये व्याख्यान नसते. चेअरमन सुरुवात करतो आणि मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून, ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणून आपल्यापुरते बोलतो. त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. कोणी मध्ये तोंड घालत नाही, कोणी सल्ला देत नाही, आणि पुण्यात एवढे पाळले जाते हीच मोठी गोष्ट म्हणायची. नवा माणूस गप्प बसला तरी चालते. सभासदत्वाची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा, फी नाही. शेवटी फिरवल्या जाणाऱ्या थैलीत सभासद ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात, आणि बाहेरची देणगी संघटना स्वीकारत नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी संघटनेने सांगितलेल्या बारा पायऱ्यांतल्या ईश्वराच्या उल्लेखाला अडखळणारे पुष्कळ असतात, पण तो ‘ज्याला जसा उमजला तसा’ ईश्वर असल्याने नास्तिकही येथे टिकतात.

संघटनेचा जन्मदिवस 10 जून 1935 हा मानला जातो. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातले शल्यविशारद बॉब स्मिथ यांनी शेअर बाजारातल्या बिल विल्सन यांच्या सोबतीने दारू थांबवली, तो हा दिवस. भारतातले काम 1957 साली मुंबईत सुरू झाले. दारूशिवाय राहण्याचा हिशेब मात्र आजही वर्षांचा नसून फक्त आजच्या दिवसाचा ठेवला जातो. ज्याची ‘स्लिप’ होते, म्हणजे जो पुन्हा पितो, तो परत येतो आणि पहिल्या दिवसापासून मोजू लागतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने कोणाला न विचारता एकाएकी दारू तोडणे धोक्याचे असते. हात कापणे, फिट येणे, भास होणे यांपासून जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अशा वेळी आधी डॉक्टर आणि मग मीटिंग, हाच क्रम योग्य. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून पुण्यात असे उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुरावा आणि गटाचा आधार ही नित्याची गोष्ट झाली आहे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. पिणारा अजून पीत असला तरी त्याच्या पत्नीला तेथे जाता येते, हे अनेकींना माहीतच नसते.

साडेनऊ वाजले आहेत. बाक पुन्हा रांगेत लावले गेले आहेत, फळ्यावरच्या पटाला कोणी हात लावलेला नाही. आम्ही फाटकाबाहेर उभे आहोत, आणि आतल्या अंधारातून एक आवाज नव्या माणसाला विचारतो आहे, “उद्या दुसऱ्या गटाची मीटिंग आहे. तुमच्याकडे गाडी आहे, की मी घ्यायला येऊ?”