कॅन्सस सिटीच्या घूलांचं काय झालं?

नमस्कार. बाहेर एवढं ऊन असताना एका जुन्या कॉम्प्युटर गेमबद्दल ऐकायला तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. पत्रिकेवर विषय छापलाय, 'फॉलआउट टॅक्टिक्स : तुकडीत कोणाला घ्यायचं?' पहिला 'फॉलआउट' इथं बहुतेकांनी खेळलाय, त्यामुळे अणुयुद्धानंतरचं ओसाड जग आणि ब्रदरहुड, म्हणजे जुनं तंत्रज्ञान जपणारी लष्करी संघटना, तिचे चिलखतातले शिपाई, यांची जास्त ओळख करून देत नाही. 'टॅक्टिक्स' मार्च २००१ मध्ये आला, ऑस्ट्रेलियातल्या मायक्रो फोर्टेनं बनवला. त्यात गप्पा कमी आणि लढाया जास्त म्हणून मूळ गेमच्या चाहत्यांनी त्याला कायम सावत्र वागवलं. मला ते पटत नाही. का, ते सांगतोच. पण आधी कॅफेचं सांगू द्या, नाहीतर पुढचं लागणार नाही.

साल २००३. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत मागाच्या शेडवर माळा होता, तिथं चार मशीन. खालचे माग सुरू झाले की टेबल थरथरायचं, आणि माग थांबले की समजायचं, लाइट गेली. तासाला पंधरा रुपये, चौघांत वाटून. एकाच्या घरी तेलुगू, एकाच्या कन्नड, एकाच्या दखनी, माझ्या मराठी. भांडण मात्र चारही भाषांत मिसळून. सोलापुरात हे वेगळं सांगावं लागत नाही, आपली गल्लीच तशी असते.

तुकडीत जास्तीत जास्त सहा जण. आम्ही ते वाटून घेतले होते. सुरुवातीला आपल्यासोबत दोघं मिळतात, मलमपट्टी करणारा स्टिच आणि लांबून नेम धरणारी फारसाइट. स्टिच माझा. फारसाइट तेलुगू मित्राची. तिला तो टेकाडावर पालथी झोपवायचा आणि गोळी झाडायचाच नाही. आम्ही ओरडायचो, "मार की बे!" तो म्हणायचा, "थांब, अजून जवळ येऊ दे." त्याचे वडील मागावर बारा-बारा तास उभे असायचे. तो धीर त्यानं तिथंच उचलला असणार, असं मला आज वाटतं.

या गेममध्ये वेळ तीन तऱ्हांनी चालवता येतो. सलग, किंवा एकेका माणसाचा डाव, किंवा अख्ख्या तुकडीचा डाव. माउस एक आणि हात आठ, म्हणून आम्ही डाव लावूनच खेळलो. सलग वेळेत एकाच्या हातात माउस राहिला की बाकी तिघं नुसते प्रेक्षक. डावात प्रत्येकाला आपले अ‍ॅक्शन पॉइंट, म्हणजे चालायला आणि गोळी झाडायला मिळालेले गुण, मोजून खर्च करावे लागतात, आणि काही राखून ठेवले तर शत्रूच्या डावातही आपला पहारेकरी गोळी झाडतो. राखून ठेवलेलं बळ कामी येतं, हे मी तिथं शिकलो.

तीन महिने खेळून आम्ही कॅन्सस सिटीपर्यंत पोचलो. तिथं घूलांची वस्ती आहे. किरणोत्सर्गानं कातडी सडलेली, पण जिवंत राहिलेली माणसं. त्यांच्यावर सुपरम्युटंट, म्हणजे बदल होऊन राक्षसी झालेली माणसं, चालून येतात आणि वस्ती आपल्याला वाचवायची असते. शनिवारी लाइट जायच्या आत सेव्ह केलं. सोमवारी गेलो तर स्क्रीनवर नुसती विंडोजची हिरवी टेकडी, गेम गायब. मालक म्हणाले, व्हायरस होता, फॉरमॅट मारलं. एका शब्दानं विचारलं असतं, तर आम्ही फ्लॉपीवर काहीतरी उतरवून घेतलं असतं. हे मला आजही लागतं. तेलुगू मित्र काही न बोलता जिना उतरला. त्या वर्षी तो घरच्या मागांवर बसला आणि आमची चौकडी पुन्हा जमली नाही.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं? बरं, मुद्दा पळवत सांगतो.

पहिल्या गेममधलं ब्रदरहुड दार लावून बसलेलं आहे, बाहेरचा माणूस त्यांना नको असतो. इथं त्यांच्याच एका गटाला हवाई जहाजांतून पूर्वेकडे धाडलेलं असतं, वादळ होतं, आणि ते शिकागोच्या बाजूला येऊन पडतात. माणसं कमी. मग काय करतात? गावांना संरक्षण देतात आणि बदल्यात गावची पोरं आणि अन्न घेतात. हा सौदा गोड नाही, आणि गेम तो गोड करून दाखवतही नाही. आपण स्वतः असेच भरती झालेले गावकरी असतो.

पुढं भरतीची यादी वाढत जाते. जे घूल आपण वाचवले ते यादीत येतात. ज्या डेथक्लॉंना, म्हणजे लांब नख्यांच्या अक्राळविक्राळ प्राण्यांना, बघून पळत होतो ते येतात, आणि त्यांना बंदूक धरता येत नाही म्हणून अख्खा डाव नव्यानं आखावा लागतो. सुपरम्युटंटही येतात. कारण समोर यंत्रांची फौज उभी असते, आणि तिच्यामागे व्हॉल्ट झीरो या जमिनीखालच्या आसऱ्यातला कॅल्क्युलेटर, माणसांचे मेंदू जोडलेला संगणक. गप्पा नाहीत म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे : ती भरतीची यादी वाचा. मोहीम संपली की ती उघडा आणि बघा, काल कोणावर गोळी झाडली आणि आज कोण शेजारी उभं राहायला तयार आहे. गेमची गोष्ट तिथं लिहिलेली आहे. शेवटाबद्दल बोलायचं होतं, वेळ नाही; आपला मेंदू त्या यंत्राला जोडायचा का, हे तिथं खेळणाऱ्याला ठरवावं लागतं.

मी मागच्या उन्हाळ्यात गेम पुन्हा विकत घेतला, लॅपटॉपवर लावला आणि कॅन्सस सिटी पार केली. घूल तुकडीत आला. वीस वर्षं मला माहीतच नव्हतं की तो येतो. त्याच रात्री लॅपटॉप घेऊन पूर्व भागात गेलो. मित्राच्या घरी आता टॉवेलचे माग आहेत. त्यानं चष्मा वर सरकवला, यादी खालीवर केली आणि म्हणाला, "हे ठीकय बे. माझी फारसाइट कुठं ठेवलीस?"

टेकाडावर होती. पालथी, सगळे पॉइंट राखून. त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.