पहिला झेल

(दृश्य : अंगणवाडीसमोरचं अंगण. ताई जुन्या मोज्यात चिंध्या कोंबताहेत.)

मोजा गच्च भरला की वरून सुतळीचे वेढे द्यायचे. झाला चेंडू. चार वर्षांच्या मुलाला टेनिस बॉलपेक्षा हाच बरा. टेनिस बॉल जेमतेम ६.७ सेंटीमीटरचा, शिवाय टणाटण उडणारा. एवढ्याशा मुठीत तो यायचा कसा?

या वयाचं मूल चेंडू तळव्यांत झेलत नाही. दोन्ही हातांनी कवटाळून छातीशी धरतं. चेंडू जवळ आला की मान फिरवतं, डोळे मिटून घेतं. आपण ओरडतो, ‘अरे, चेंडूकडे बघ ना!’ पण त्याला लागायची भीती वाटत असते. ही भीती ओरडून जात नाही. चेंडू मऊ असला, की जाते. एकदा डोळे उघडे राहिले, की निम्मं काम झालं.

(दृश्य : मुलं फुगा वर उडवताहेत.)

त्याआधी फुगा. तो सावकाश खाली येतो, हात कुठे न्यायचे ते ठरवायला सवड देतो. फुटलाच, तर तुकडे लगेच उचला. मुलं तोंडात घालतात आणि ते घशात अडकू शकतात.

फेकताना नेमाची घाई नको. नेम धर म्हटलं की मूल अंग चोरतं, नुसत्या मनगटाने चेंडू टाकतं. ‘लांब फेक, जोरात फेक’ म्हणा. मग खांदा वळतो, कंबर वळते. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे यावा, म्हणून ताईंनी जमिनीवर खडूने पाऊल काढलंय.

तीस मुलांत एकच चेंडू असेल, तर बहुतेकांचा वेळ रांगेत जातो. मोज्याचे चेंडू मात्र प्रत्येकाला एक करता येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा पायाभूत स्तर मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तो भर अंगणात उतरायचा, तर आधी प्रत्येक हातात चेंडू हवा.

(दृश्य : पहिली-दुसरीची मुलं. रिकाम्या डब्यांची लगोरी.)

लगोरीत चेंडू लागला की गडी बाद. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, तोच कडेला बसतो. इथे नियम बदललाय : लगोरी रचताना ज्याला चेंडू लागेल, तो समोरच्या संघात जातो आणि लगेच चेंडू मारायला लागतो.