चारोळी पिकेपर्यंत थांबायचं कसं

मंडळी, परवाच्या पाडव्याला आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी श्रीखंड झालं असेल. त्यावर भुरभुरलेल्या चारोळीपासूनच सुरुवात करते.

चारोळीचं झाड जंगलात आपलं आपण येतं. फळ पिकतं ऐन उन्हाळ्यात, पण तोवर थांबणार कोण? जंगलावर आपला हक्कच नाही म्हटल्यावर, आज मी नाही तोडलं तर उद्या दुसरा नेणार. मग फळ हिरवं असतानाच ओरबाडतात, कधी अख्खी फांदी खाली येते. दाणा बारीक भरतो, भाव पडतो आणि रुजायला पिकलं बी जमिनीवर पडतच नाही. याला लोभ म्हणू नका. उद्याची खात्री नसली की कुणीही घाई करेल.

ती खात्री 2006 च्या वनहक्क कायद्यानं देऊ केली. गावानं आपलं जंगल राखावं, वाढवावं आणि त्यातलं गौण वनोपज, म्हणजे चारोळी, तेंदूपानं, बांबू असं इमारती लाकूड सोडून मिळणारं उत्पन्न, विकावं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हा हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागायचाच. तो देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला 2011 चा एप्रिल उजाडला. जेमतेम शंभरेक घरांचं गाव, पण आपला बांबू आपण विकू लागलं. मला याचं फार अप्रूप आहे.

उजाड टेकडी दिसली की आपण रोपं घेऊन धावतो. पुष्कळदा तिथे साग, पळस, तेंदू यांची मुळं जमिनीखाली जिवंत असतात. दरवर्षी फुटवे येतात, गुरं खातात, कुऱ्हाड लागते. काही वर्षं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, तर तेच फुटवे झाडं होतात. पण राखण करायची म्हणजे गुरं दुसरीकडे न्यायची, सरपण लांबून आणायचं. हा भार गावानंच ठरवून वाटून घ्यावा लागतो.

असं ठरवणं आपल्या इंदूरशेजारच्या झाबुआ जिल्ह्यात नवं नाही. भिल्लांमध्ये हलमा आहे: एकाची अडचण, सगळ्यांनी मोबदला न घेता धावायचं. याच रीतीनं हजारो माणसं टिकाव-फावडी घेऊन हाथीपावाच्या टेकडीवर चर खणतात, पाणी मुरवतात. नर्मदेला बर्फाचा आधार नाही, मंडळी. उन्हाळ्यात तिला धरून ठेवतं ते डोंगरात मुरलेलं पाणी, आणि 1978 पासून इंदूरच्या नळांना तीच येते.

हक्काचा कागद मिळाला तरी एक अडचण उरते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल देणारा व्यापारी उन्हाळ्यात चारोळी आपल्या भावानं नेतो. फळ पिकेपर्यंत थांबायचं तर ग्रामसभेकडे साठवणीची खोली हवी, बी फोडायचं यंत्र हवं आणि अडीनडीला देण्यापुरती गंगाजळी. इंदूरच्या सियागंज बाजारात चारोळी घेणारे आपण शहरातले लोक यातलं निदान तिसरं उभं करू शकतो. त्यासाठी नावं लिहायची वही दाराशी ठेवली आहे.