दोनशे बारा लाल खुणा
(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून नवा लॅपटॉप घेतलेला. चार दिवसच झालेले, झाकणावरची प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा अजून तशीच. पण बॅगेतून लॅपटॉपच्या आधी दोन कागद निघाले. मुलीनं विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून चार दिवसांतले एरर मोजले होते. २१२. गृहस्थ म्हणाले, "खराब पीस गळ्यात मारलाय हो. दुकानदार बदलून द्यायला तयार नाही."

मी विचारलं, "लॅपटॉप अडतोय कुठं?"

त्यांनी मुलीकडं पाहिलं, मुलीनं माझ्याकडं. "अडत नाही काका, पण एरर आहेत ना."

या "पण एरर आहेत ना"वर आज बोलायचं आहे.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमध्ये काय काय घडलं त्याची नोंदवही, ही जुनी गोष्ट. १९९३ साली विंडोज एनटी आलं तेव्हापासून ती आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला रात्री काय घडलं ते सकाळी कळावं, हा तिचा मूळ उपयोग. घरातल्या माणसानं चहा पिता पिता चाळावी अशी ती वहीच नाही. त्या वहीत कोणीही लिहितं. विंडोजचे स्वतःचे भाग लिहितात, ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) लिहितात, अँटिव्हायरस लिहितो. आणि नोंद साधी, इशाऱ्याची की एररची, हे लिहिणाराच ठरवतो. एखाद्या प्रोग्रॅमरनं पंधरा वर्षांपूर्वी "इथं एरर लिहू" असं ठरवलं असेल तर आजही तिथं लाल खूणच उमटते. ती खूण तुमच्या कामाच्या दृष्टीनं किती गंभीर, हे तपासणारं मध्ये कोणी बसलेलं नाही.

आता त्या कागदांवर सगळ्यात जास्त वेळा आलेल्या नोंदीचा क्रमांक सांगतो. १००१६. स्रोत, डिस्ट्रिब्यूटेड कॉम, म्हणजे विंडोजच्या भागांनी एकमेकांना हाक मारण्याची यंत्रणा. तुमच्यापैकी ज्यांनी ही वही उघडून पाहिली असेल त्यांना हा आकडा भेटलाच असणार. त्या नोंदीची भाषा भयंकर असते: अमुक घटकाला चालू करण्याची परवानगी नाही, खाली कंसात लांबलचक आकडे-अक्षरांची माळ. वाचणाऱ्याला वाटतं कोणीतरी घरात घुसू पाहतंय.

घडतं ते असं. सोसायटीत कुरिअरवाला येतो. आधी मुख्य लिफ्टकडं जातो. वॉचमन म्हणतो, इथून नाही, मागच्या जिन्यानं जा. तो मागून जातो, पार्सल पोचतं, घरच्यांना पत्ताही नसतो. वॉचमनच्या वहीत मात्र एवढंच राहतं: "कुरिअरवाल्यास अडवले." १००१६ म्हणजे ही नोंद. विंडोजचा एक भाग दुसऱ्याला आधी एका पद्धतीनं हाक मारतो, परवानगी नसली की दुसऱ्या पद्धतीनं, आणि काम होतं. मायक्रोसॉफ्टनं स्वतः लिहून ठेवलंय की हे रचनेतच आहे, कामावर परिणाम होत नाही, दुर्लक्ष करा.

तरी लोकांना राहवत नाही. मलाही राहवलं नव्हतं, कबूल करतो. इंटरनेटवर याचा "इलाज" मिळतो: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, शिरा, त्या घटकाच्या कप्प्याची मालकी स्वतःकडं घ्या, परवानग्या बदला. पुष्कळ वर्षांपूर्वी मी माझ्याच मशीनवर ते केलं. वही स्वच्छ झाली, मला फार बरं वाटलं. मग स्टार्ट मेन्यू उघडेना. दोन संध्याकाळी घालवून होतं तसं केलं, आणि १००१६ परत वहीत येऊन बसला. तेव्हापासून आमचं एकमेकांशी बरं आहे.

अशा नोंदी फक्त जुन्या काळातल्या नाहीत. २०२५च्या जूनमधल्या एका अपडेटनंतर विंडोज ११मध्ये फायरवॉलच्या (नेटवरून घुसणाऱ्यांना अडवणाऱ्या पहाऱ्याच्या) नावानं २०४२ क्रमांकाची "कॉन्फिग रीड फेल्ड" अशी नोंद येऊ लागली. फायरवॉल म्हटल्यावर घबराट होणारच. मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, फायरवॉल नीट चालू आहे, अर्धवट तयार असलेल्या एका नव्या सुविधेमुळं हे लिहिलं जातंय, सोडून द्या. पाठोपाठ प्लुटॉन नावाच्या सुरक्षा घटकाबद्दल ५७ क्रमांकाचा एरर आला. त्यालाही तेच उत्तर.

मग नव्या लॅपटॉपवरच इतकी गर्दी का? कारण तो नवा तुमच्यासाठी असतो. त्यातलं विंडोज कारखान्यात काही महिन्यांपूर्वी भरलेलं असतं. तुम्ही वायफाय लावलंत की महिन्यांचे अपडेट, ड्रायव्हर, स्टोअरमधली ॲप्स, लॅपटॉप कंपनीची स्वतःची दोन-तीन ॲप्स आणि चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस, सगळे एकदम दाराशी येतात. लग्नाच्या आदल्या दिवशीचं घर आठवा. पडद्यामागं चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनं, म्हणजे सेवेनं, ३०,००० मिलिसेकंदांत, म्हणजे अर्ध्या मिनिटात, उत्तर दिलं नाही की ७००९ची नोंद. उघडं असलेलं ॲप अपडेट करायला गेलं की अपडेट फसल्याची नोंद. यातलं बरंचसं आठवड्याभरात निवतं. म्हणून माझा पहिला सल्ला कंटाळवाणा आहे: चार्जर लावून ठेवा, अपडेट पूर्ण होऊ द्या, दोन-तीनदा नीट रीस्टार्ट करा, अँटिव्हायरस एकच ठेवा, आणि मग बघा.

पण याचा अर्थ सगळंच सोडून द्यायचं असा घेऊ नका. रोज मरे त्याला कोण रडे, असं करता करता खरं मरण नजरेतून सुटतं. खरी नोंद बऱ्याचदा त्या गर्दीत एकटी बसलेली असते.

शोधायचं कसं? वहीपासून सुरुवात करायचीच नाही. त्रासापासून करायची. लॅपटॉप अचानक बंद झाला, स्क्रीन गोठली, आवाज तुटला, तर घड्याळ बघा आणि कागदावर वेळ लिहा. ११ वाजून ४२ मिनिटं. मग स्टार्टमध्ये रिलायबिलिटी असं टाइप करून रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. तिथं दिवसावार तक्ता दिसतो, कोणत्या दिवशी काय कोसळलं आणि त्याआधी काय नवीन टाकलं होतं ते शेजारी शेजारी. इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा हे कितीतरी माणसांसाठी केलेलं आहे, आणि का कोण जाणे, कोणाला माहीत नसतं. तिथं दिवस सापडला की मगच मोठ्या वहीत त्या वेळेच्या आसपासची पाच मिनिटं वाचा. तीच नोंद लॅपटॉप सुरळीत असतानाही येत असेल तर तिचा तुमच्या त्रासाशी संबंध असण्याची शक्यता कमी.

कर्नल पॉवर ४१ या नोंदीबद्दल फार गैरसमज आहे. लोक म्हणतात, "४१ आला म्हणून बंद पडला." ही नोंद बंद पडल्यावर नाही, पुन्हा चालू झाल्यावर लिहिली जाते. तिचं म्हणणं एवढंच, की मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं. कारण शोधायला तिच्या तपशिलात जावं लागतं. तिथं बगचेक कोडचा आकडा असेल तर विंडोज कोसळलं होतं. तो शून्य असेल तर वीज गेली, बॅटरी तुटली किंवा सगळं जागीच गोठलं. आणि पॉवर बटण टाइमस्टॅम्पसमोर शून्याऐवजी मोठा आकडा असेल, तर बटण कोणीतरी दाबून धरलं होतं.

सोडून द्यायच्या आणि गंभीर नोंदींच्या मधली एक जात असते, ती जरा विस्तारानं सांगतो. ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंचा नवा लॅपटॉप दिवसातून पाच-सहा वेळा दोन सेकंद गोठायचा. वहीत व्हिआ लॉगर (WHEA, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग) १७च्या शेकडो नोंदी. "हार्डवेअर एरर" वाचून त्यांचा धीर सुटला होता. आता १७ म्हणजे दुरुस्त झालेली चूक. लॅपटॉपच्या आत एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क), वायफाय कार्ड यांच्याशी पीसीआय एक्सप्रेस नावाच्या रस्त्यानं बोलणं चालतं. तिथं माहितीचं प्रत्येक पाकीट तपासलं जातं, खराब निघालं तर पुन्हा मागवलं जातं. म्हणजे माहिती हरवत नाही. पण शेकडोंनी पाकिटं परत मागवावी लागत असतील तर रस्त्यात काहीतरी खड्डा आहे. कधी तो वीज वाचवण्यासाठी रस्ता मधूनमधून झोपवण्याच्या सेटिंगमुळं असतो, आणि बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅमच्या, नव्या आवृत्तीत बुजवलेला असतो. त्यांच्याबाबतीत तसंच निघालं. निर्मात्याच्या साइटवरून त्याच मॉडेलचं बायॉस अपडेट टाकलं, नोंदी थांबल्या, गोठणंही थांबलं.

आणि हो, बायॉसला हात लावण्याआधी एक काम न चुकता करा. विंडोज ११चे बरेच नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की न विचारता डिस्कला कुलूप घालतात. बायॉस बदललं की ते कुलूप ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या खात्यात साठवलेली असते. आधी कागदावर उतरवा. आणि खातं दुकानातल्या पोरानं स्वतःच्या मेलवर काढून दिलं असेल, तर आजच घरी जाऊन बदला.

व्हिआ १८ दिसलं, डिस्कच्या नावानं ७ किंवा वारंवार १५३ दिसलं, एनटीएफएस (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) ५५ दिसलं, तर चार दिवसांच्या लॅपटॉपवर दुरुस्तीची हौस करू नका. फोटो काढा, डेटाची प्रत घ्या, बिल काढा, बदलून देण्याची मुदत किती दिवसांची ते वाचा आणि दुकान गाठा.

जाता जाता, हीच वही ठगांचं आवडतं हत्यार आहे. फोन येतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, मी दाखवतो," आणि ते तुम्हालाच इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात. लाल खुणा असणारच! ऑक्टोबर २०१२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा टोळ्यांवर कारवाई जाहीर केली, तेव्हा त्यातल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. लाज वाटावी अशी गोष्ट. हे लोक एक लांब क्रमांक वाचून "हा फक्त तुमच्या मशीनचा आहे" म्हणून विश्वास बसवतात. तो क्रमांक प्रत्येक विंडोजवर सारखाच असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन फिरवा.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांपैकी दोन.)

"फॉरमॅट मारला तर?"

बिघाड हार्डवेअरचा असेल तर फॉरमॅटनं काही होत नाही, आणि कंपनीचे ड्रायव्हर गेले तर नवे एरर विकत घेतल्यासारखं होतं. वही पुसूही नका. सर्व्हिस सेंटरला दाखवायला तीच तर लागते.

"त्या मुलीच्या लॅपटॉपचं काय झालं?"

चालू आहे, दुसऱ्या वर्षाला गेली ती. त्या २१२ नोंदी आम्ही दोघांनी बसून चाळल्या. दुर्लक्ष करू नये अशी एकच निघाली, ४१ची, खरेदीच्याच रात्रीची. तपशिलात बटण दाबून धरल्याची खूण. मुलगी वडिलांकडं वळली. ते म्हणाले, "आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर असाच बंद करतात."